'लोक म्हणायलेत' म्हणजे नक्की कोण म्हणतंय?

या महिन्यात पत्रं बरीच आली, पण त्यातली तीन एकाच दुखण्याची आहेत म्हणून तेवढीच घेतलीत, बाकीची पुढच्या अंकात. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांत, कान भरणारी, कळ लावणारी, कधी रडून कधी धमकावून आपलंच खरं करून घेणारी माणसं असतात, त्यांचं काय करायचं? पत्र लिहिणाऱ्यांची नावं-गावं काढलीत, सगळी कोल्हापूर आणि आसपासची आहेत एवढंच सांगतो. मी स्वतः चर्चचा पाळक म्हणून रिटायर झालोय, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते बरंचसं ठेच लागून कळलेलं आहे.

प्रश्न: आदरणीय पाळकसाहेब, ख्रिस्तात सलाम. मी साठेक कुटुंबांच्या मंडळीत तीन वर्षांपासून पाळक आहे. आमच्यात एक वडीलधारे भाऊ आहेत, पंच कमिटीत आहेत, चर्चची साऊंड सिस्टीम त्यांनीच दिली, मी आलो तेव्हा घर लावायला पण तेच पुढं होते. दर रविवारी उपासना झाली की बाजूला घेतात आणि म्हणतात, साहेब लोक तुमच्याबद्दल बोलायलेत, मी सांभाळून घेतलंय. कोण विचारलं तर नाव सांगत नाहीत. आता कळलंय की तेच बाहेर जाऊन 'साहेबांनीच मला सांगितलंय' म्हणून माझ्या नावावर काय काय खपवतात, दोन कुटुंबं त्यातून एकमेकांशी बोलायची बंद झालीत. मी एकदा समोर बसवून विचारलं तर रडले, मंडळीसाठी एवढं केलं त्याचं हे फळ का म्हणाले, मग मीच माफी मागून आलो. माझ्या मिसेसना झोप लागत नाही. बदली मागू का त्यांना कमिटीतून काढू?

उत्तर: पाळकसाहेब, सलाम. आधी तुमच्या मिसेसना सांगा की त्यांना होतंय ते खरं आहे, वेडेपणा नाही. अशा माणसाच्या संगतीत घरातल्या बाईला गडबड सगळ्यात आधी कळते आणि तिचंच ऐकलं जात नाही.

आता तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टी, बदली का हकालपट्टी, यातली कुठलीच आज करू नका. बदली घेतली तर तुमच्या जागी जो येईल त्याचं घर लावायला हेच भाऊ पुढं असतील. आणि कमिटीतून तडकाफडकी काढलं तर ते दारोदार रडत फिरतील, निम्मी मंडळी त्यांच्या बाजूला उभी राहील, कारण लोकांनी तुमची रविवारची ती बाजूला घेऊन झालेली बोलणी ऐकलेलीच नाहीत. सगळं चाललंय ते कानात, उजेडात अजून काहीच आलेलं नाही.

माझं सांगतो. मी तुमच्याच वयाचा असताना एका मंडळीत होतो, तिथं एक पंच होते, गुऱ्हाळ सुरू झालं की पहिली ढेप आमच्या घरी यायची. दर सोमवारी संध्याकाळी येऊन बसायचे आणि निघता निघता खजिनदाराबद्दल एखादं वाक्य सोडायचे, फार काही नाही, 'साहेब तुम्ही साधे आहात, हिशोब जरा बघत जा' एवढंच. वर्षभर मी ते ऐकलं आणि माझ्याही नकळत त्या खजिनदाराशी तुटक वागायला लागलो, त्याला विचारलं मात्र एकदाही नाही. शेवटी त्या माणसानं पद सोडलं. पुढं वह्या तपासल्या तर रुपयाचा फरक नव्हता. त्याच्या घरी माफी मागायला जायला मला दोन वर्षं लागली, आणि तो म्हणाला साहेब तुम्ही एकदा मला विचारलं असतं तर बास होतं. हे वाक्य मी आजपर्यंत विसरलेलो नाही. दोष त्या पंचांचा होता तसा माझाही होता, कारण ती सोमवारची बोलणी मला आवडायला लागली होती, मला सगळं आतलं कळतंय असं वाटायचं.

म्हणून तुम्हाला पहिलं विचारतो ते तुमच्याबद्दल. 'मी सांभाळून घेतलंय' हे ऐकल्यावर तुम्हाला बरं वाटतं का? वाटत असेल तर लाजू नका, नवीन गावात एकट्या पाळकाला असा माणूस हवासाच वाटतो, पण त्याचा हात तुमच्यावर आहे तो तिथंच आहे.

आता येत्या रविवारचं. ते परत बाजूला घेऊन 'लोक बोलायलेत' म्हणाले की एवढंच म्हणा, 'भाऊ, नाव सांगा, आपण दोघं आत्ताच त्यांच्या घरी जाऊया.' नाव सांगायचं नसेल तर 'मग ही गोष्ट मी ऐकली नाही असं धरतो.' आवाज चढवायचा नाही, खुलासा द्यायचा नाही. पुढच्या रविवारी परत तेच वाक्य. बायबलात नहेम्याच्या सहाव्या अध्यायात बघा, नहेम्या यरुशलेमचा कोट बांधत असतो आणि त्याचे विरोधक, सनबल्लट आणि त्याचे साथीदार, त्याला ओनोच्या मैदानात भेटायला बोलावतात, एकदा नाही चार वेळा, आणि तो चारही वेळा तेच उत्तर पाठवतो, की मी मोठ्या कामात आहे, येता येत नाही. नवीन कारण देत नाही. आपण पाळक लोक दर वेळी नवीन खुलासा देतो आणि त्या खुलाशातला एक एक शब्द पुढच्या आठवड्यात दुसरीकडं वापरला जातो. पाचव्या वेळी त्यांनी उघडं पत्र पाठवलं, म्हणजे वाटेत कुणीही वाचावं असं, आणि त्यात काय तर 'लोकांत असं बोललं जातंय'. ही पद्धत तेव्हापासूनची आहे.

दुसरं, त्यांना एकट्याला भेटणं बंद. मत्तय १८ आपण सगळे सांगतो, आधी एकांतात जा, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. पण मी बघितलंय की बरेच पाळक वर्षानुवर्षं पहिल्याच पायरीवर बसलेले असतात, माणूस रडतो, आपण विरघळतो, प्रार्थना करून उठतो आणि महिन्याभरानं परत तिथंच. तुमची पहिली पायरी झाली साहेब. तुम्ही समोर बसवून विचारलंत, ते रडले, संपलं. आता दुसरी. कमिटीतले दोन समंजस लोक घ्या, त्यातला एक तरी असा असावा ज्याला त्या भाऊंबद्दल खरंच जिव्हाळा आहे, नाहीतर ते घेरल्यासारखं होतं. आणि भेटायला जाताना स्वभावावर जाऊ नका. 'तुम्ही मॅनिप्युलेटिव्ह आहात' म्हटलं की झालं, पुढचे सहा महिने त्या शब्दावरच भांडण. फक्त घडलेलं सांगा, अमक्या तारखेला अमक्या घरी तुम्ही माझ्या नावावर असं असं सांगितलं, मी ते बोललो नव्हतो, तुम्ही जाऊन ते दुरुस्त करा. दोन कुटुंबं आहेत ना, तर दोन्ही घरी जाऊन दुरुस्त करायचं, पंधरा दिवसांत, या दोघांपैकी एकाला बरोबर घेऊन. ते रडतील. रडू द्या, पाणी द्या, थांबा, आणि रडून झालं की परत विचारा, 'मग कधी जाऊया?'

मला त्यांच्या रडण्याबद्दल वाईट बोलायचं नाही. ते ढोंगच असेल असं नाही, बऱ्याच वेळा अशा माणसाच्या आत खरंच कुठंतरी खोल नाकारलं गेल्याचं दुःख असतं, आपण पुढं नसलो तर आपल्याला कुणी विचारणार नाही ही भीती असते, आणि पाळक म्हणून ते दुःख तुम्ही ऐकलं पाहिजे. पण ते ऐकायची वेळ वेगळी. अश्रूंवरून पश्चात्ताप झालाय असंही ठरत नाही आणि नाही झाला असंही ठरत नाही, ते त्या दोन घरांच्या उंबऱ्यावर कळणार.

साऊंड सिस्टीमचं ओझं तुमच्या मनावर आहे हे पत्रात दिसतंय. ती त्यांनी मंडळीला दिली, तुम्हाला नाही. पावती नसेल तर मंडळीच्या नावानं पावती करा, सभेच्या इतिवृत्तात आभार लिहा, आणि तिथं तो विषय संपवा. आपल्याकडं हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, लिलावात ज्यानं मोठी बोली लावली त्याचा शब्द वर्षभर मोठा होतो, हे याकोबाच्या पत्रातलं सोन्याच्या अंगठीवाल्याला पुढं बसवणंच आहे, दुसरं काय. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन पवित्र आत्मा द्यायचा अधिकार विकत मागायला पैसे घेऊन येतो तेव्हा पेत्र ते घेतच नाही. तुमच्या भाऊंनी असं काही विकत मागितलेलं नाही, पण न मागता हिशोब चालू आहे.

अजून एक गोष्ट आहे आणि ती जरा बोचेल. दावीद राजाच्या मुलाची, अबशालोमाची गोष्ट परत वाचा, २ शमुवेल १५. तो सकाळी लवकर उठून वेशीच्या वाटेवर उभा राहायचा, राजाकडं न्याय मागायला आलेल्या माणसाला म्हणायचा तुझं म्हणणं बरोबर आहे पण राजाकडून ऐकायला कुणी नाही, वाकणाऱ्याला हात धरून जवळ घ्यायचा, मुका घ्यायचा, आणि असं करत त्यानं इस्राएलची मनं चोरली. आपण यात अबशालोमाचा कावा शिकवतो. मला वाटतं लोक वेशीपर्यंत येत होते आणि दावीदाकडून ऐकायला तिथं कुणीच उभं नव्हतं हेही शिकवायला पाहिजे, नाहीतर अबशालोमाला जागाच मिळाली नसती. तुमच्या मंडळीत लोकांना तुमच्याशी थेट बोलायची जागा आहे का? बुधवारी दोन तास चर्चमध्ये बसतो, कुणीही या, असं जाहीर करा आणि खरंच बसा, कुणी नाही आलं तरी बसा. दर तीन महिन्यांनी मंडळीची खुली बैठक घ्या. लोक थेट यायला लागले की निरोप्याचा धंदा आपोआप बसतो.

पंधरा दिवसांत ते त्या घरी गेले नाहीत तर मग कमिटीत विषय घ्या, सेक्रेटरीला लिहून घ्यायला सांगा. तीताला पौलानं लिहिलंय की फूट पाडणाऱ्याला एकदा दोनदा बजाव आणि मग त्याच्यापासून दूर राहा. म्हणजे त्यांची जबाबदारी काढायची, उपासनेला यायचं दार उघडंच ठेवायचं. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी तुमच्या वरच्या कौन्सिलला एक पानाचं पत्र द्या, तारखांसकट, तक्रार म्हणून नको, माहितीसाठी. कारण ते तुमच्या आधी तिकडं पोचतील, हे मी अनुभवानं सांगतो.

वर्षभर तरी त्रास होईल. दोन-चार घरं कदाचित जातील. कोल्हापुरात आपल्याला गट नवीन नाहीत, कारखाना असो दूध संस्था असो, पॅनेल पडलं की भाऊ भावाच्या दारात जात नाही, आणि ते वारं आता मंडळीच्या निवडणुकीतही शिरलंय. म्हणून तुम्ही तुमचा गट करू नका. घरोघर जाऊन आपली बाजू सांगत सुटू नका, मोह होतो, पण मग तुमच्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

प्रश्न: काका, नमस्कार. मी शिक्षिका आहे, महिला मंडळात पंधरा वर्षं काम करते. वार्षिक सभेत मी बांधकाम फंडाचा हिशोब विचारला, शांतपणे विचारला. त्यानंतर कमिटीतले दोघं सगळीकडं सांगायलेत की ही बाई मंडळी फोडायला बसलीय, लोकांना मॅनिप्युलेट करते, हिच्यात ईजबेलीचा, म्हणजे बायबलातल्या त्या दुष्ट राणीचा, आत्मा आहे. माझ्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत हे गेलं. आता मला चर्चला जाताना पाय उचलत नाही. मी चुकले का?

उत्तर: बाई, नाही चुकलात. तुमचं पत्र वरच्या पत्राशेजारीच छापतोय, मुद्दाम. कारण वर जे लिहिलंय ते वाचून एखादा पाळक किंवा पंच उद्या प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याला 'कावेबाज' म्हणून मोकळा होईल, आणि तसं झालं तर माझ्या लिहिण्यानं बरं होण्याऐवजी वाईटच होईल.

फरक ओळखायला अवघड नाही. तुम्ही सभेत उभं राहून सगळ्यांसमोर विचारलंत. कान भरणारा माणूस हे कधी करत नाही, त्याला कोपरा लागतो. वही समोर ठेवली आणि हिशोब बरोबर निघाला तर तुम्ही खाली बसाल का? पत्रावरून वाटतं बसाल. त्याला मात्र उत्तर नकोच असतं, त्याला प्रश्न पेटता ठेवायचा असतो. आणि ईजबेलचं नाव बाईलाच का चिकटवतात हा प्रश्न मी भर सभेत विचारलेला आहे, प्रश्न विचारणाऱ्या पुरुषाला कुणी असलं नाव दिलेलं मी तरी ऐकलं नाही.

पहिल्या मंडळीत पण तक्रार झाली होती, प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय म्हणून लोक कुरकुरले. प्रेषितांनी त्यांना फुटीर म्हटलं नाही, सगळ्यांना बोलावलं, चांगल्या नावाचे सात जण निवडायला सांगितले आणि काम त्यांच्याकडं दिलं. आणि पैशाबद्दल तर पौल इतका काळजी घेतो की करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात तो लिहितो, या मोठ्या रकमेबद्दल कुणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून बरोबर दुसरे भाऊ पाठवतोय, देवासमोर तर चांगलं पाहिजेच पण माणसांसमोर पण पाहिजे. पौलाला हिशोब दाखवायला कमीपणा वाटला नाही तर आपल्या कमिटीला का वाटावा!

आता करायचं काय ते. तोंडी विचारणं बंद करा, लेखी अर्ज द्या, खाली अजून दोघा-तिघा सभासदांच्या सह्या घ्या, पोच घ्या. पौलानं तीमथ्याला लिहिलंय ना, वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा, आरोप दोन-तीन साक्षींशिवाय घेऊ नको, ते पंच तुम्हाला हे वचन नक्की ऐकवतील, तर त्याच्याच पुढचं वचन असं आहे की जे पाप करतात त्यांना सगळ्यांसमोर दोष दे. दोन्ही एकत्र वाचायची आहेत. पण अर्जात आरोप लिहू नका, फक्त मागणी लिहा, अमुक वर्षापासूनचा जमाखर्च सभेपुढं ठेवावा एवढीच. मंडळी ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० लागू होतो, हिशोब ठेवणं आणि धर्मादाय कार्यालयाला देणं हे विश्वस्तांचं कामच आहे, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत कळवावं लागतं. हे भीती घालायला सांगत नाही, हिशोब मागणं म्हणजे बंड नाही एवढं तुमच्या मनाला पटावं म्हणून सांगतोय. ऑफिसची पायरी शेवटची ठेवा, आधी मंडळीतच मार्ग निघू दे.

ते कमिटीवाले तुम्हाला एक गोष्ट अजून म्हणतील, आमची घराणी मिशनच्या काळापासूनची, आम्हाला कोण विचारणार. अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले १८५२ साली, तेव्हापासूनच्या पिढ्या आपल्यात आहेत आणि त्याचा अभिमान मलाही आहे, पण पणजोबांच्या विश्वासावर नातवाची वही तपासल्याशिवाय पास होत नाही.

मुलाच्या लग्नाचं वाचून मला फार वाईट वाटलं. त्या घरी पाळकांना घेऊन तुम्ही स्वतः जा, एका बाईला पण बरोबर न्या, आणि घडलं ते जसंच्या तसं सांगून या. आणि उपासना सोडू नका. आठवडाभर पाय उचलत नसेल तर मैत्रिणीला दारात बोलवा, दोघी मिळून जा.

प्रश्न: सर, मी युवक संघाचा लीडर आहे, वय २४. आमच्या क्वायरमधला एक मुलगा, त्याला ख्रिसमसच्या गाण्यांचं लीडिंग दिलं नाही तर रात्री एक-दोन वाजता फोन करून म्हणतो मी जीवाचं काहीतरी करून घेईन, तुला पाप लागेल. मागच्या वेळी घाबरून लीडिंग दिलं. आता परत तेच. बाकीचे म्हणतात नाटक आहे.

उत्तर: बाळा, नाटक आहे का खरं आहे हे तू ठरवायचं नाही, मी पण नाही. असं बोलणं दर वेळी खरंच धरायचं. म्हणून आजच त्याच्या आईवडिलांना किंवा मोठ्या भावाला प्रत्यक्ष भेटून सांग, पाळकांना सांग. 'कुणाला सांगू नको' असं त्यानं म्हटलं असेल तरी सांग, हे गुपित ठेवायचं गुपित नाही. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे २०२२ पासून, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. तो नंबर त्याला दे आणि तू पण फोन करून विचार अशा मित्राशी कसं बोलायचं. त्याला चांगल्या डॉक्टरला दाखवायला घरच्यांना सांग, नुसती प्रार्थना पुरे असं कुणी म्हटलं तर ऐकू नको, प्रार्थना करत करत डॉक्टरकडं जायचं. आणि एखाद्या रात्री वाटलं की तो आत्ताच काहीतरी करेल तर ११२ ला फोन कर, घरच्यांना उठव, कुणाला तरी घेऊन पळत जा.

लीडिंग मात्र या कारणानं परत द्यायचं नाही. मागच्या वेळी दिलंस ते भीतीनं दिलंस, तुला दोष देत नाही, पण त्यातून त्याला मदत मिळाली नाही, फक्त धमकीचा उपयोग होतो एवढं कळलं. त्याचा जीव आणि ख्रिसमसचं लीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्याला पण तसंच सांग, तुझी काळजी आहे म्हणून तुझ्या घरी आलो, लीडिंग कुणाकडं हे आपलं ठरलंय ते ठरलंय. रात्रीचे फोन तू एकट्यानं घ्यायचे नाहीत, घरचे, पाळक आणि एक मोठा माणूस अशी तीन नावं त्याला लिहून दे, आणि त्या तिघांना पण आधी विचारून ठेव की रात्री फोन उचलाल ना.

शनिवारची प्रॅक्टिस ठरल्याप्रमाणं घे. त्याला पण बोलव, त्याच्या आवाजाची जागा त्याच्यासाठी ठेव, आणि प्रॅक्टिस झाल्यावर सगळे मिळून चहाला जा.